वर्धा जिल्ह्यातील अन्नप्रक्रिया उद्योग आणि वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर

प्रस्तावना :

शेतमालावर प्रक्रिया करून त्याचे खाद्यपदार्थात रूपांतर करताना उकळणे, शिजवणे, आटवणे, भाजणे, वाळवणे आणि निर्जंतुक करणे या क्रिया वारंवार कराव्या लागतात. या सर्व क्रियांना उष्णता लागते. त्यामुळे अन्नप्रक्रिया उद्योगाच्या खर्चात कच्च्या मालाच्या खालोखाल इंधनाचा वाटा महत्त्वाचा ठरतो. मात्र इंधनातून मिळालेल्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष अन्नपदार्थात पोहोचणारा भाग मर्यादित असतो. उरलेली उष्णता धुराड्यातून, उघड्या वाफेतून, नाल्यात सोडलेल्या गरम पाण्यातून आणि तापलेल्या भिंतींमधून निघून जाते. ही उष्णता अडवून पुन्हा कामास लावणे म्हणजे उष्णतेचा पुनर्वापर होय.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांचा हा जिल्हा कृषिप्रधान आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके असून आर्वी, आष्टी व कारंजा परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सेलू तालुक्यातील जामनी येथे साखर कारखाना उभा राहिला, तर गाईच्या तुपात तयार होणारा वर्ध्याचा गोरसपाक जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. यांतील बहुतेक प्रक्रिया उद्योग लहान व हंगामी आहेत. मोठ्या कारखान्यांसाठी तयार झालेली यंत्रणा त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणूनच कोणत्या ठिकाणी उष्णतेचा पुनर्वापर खरोखर लाभदायक ठरतो आणि कोणत्या ठिकाणी ठरत नाही, याचा विचार होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१. अन्नप्रक्रियेत उष्णता कोठे व का वाया जाते, हे स्पष्ट करणे.
२. वर्धा जिल्ह्यातील हळद, दूध, साखर व वाफेवर चालणारे लहान उद्योग यांच्या संदर्भात पुनर्वापराच्या पद्धती समजून घेणे.
३. साध्या आकडेमोडीच्या आधारे लाभ व मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

मगनवाडीची पार्श्वभूमी :

इंधनाच्या काटकसरीचा विचार वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय वर्ध्यातील मगनवाडी येथे होते. संघाचे कार्य पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गातील साधनांचे दोन प्रकार मानले. कोळसा किंवा खनिज तेल यांसारखी साधने साठ्याची असतात; ती वापरली की कमी होतात. वारा, पाणी, वनस्पती आणि सूर्यप्रकाश ही साधने प्रवाहाची असतात. ती मर्यादेत वापरली तर पुन्हा पुन्हा मिळतात. टिकाऊ अर्थव्यवस्था ही शक्यतो प्रवाहाच्या साधनांवर उभी असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याच परंपरेत मगन चुलीचा उल्लेख करावा लागतो. १९४७ च्या सुमारास पुढे आलेल्या या सुधारित चुलीचा समावेश भारतातील धूरविरहित चुलींच्या आरंभीच्या प्रयत्नांत केला जातो. एका विस्तवावर एकाहून अधिक भांडी मांडून तप्त वायू धुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पुढच्या भांड्याखालून नेण्याचे तत्त्व अशा चुलींत वापरले जाते. पहिल्या भांड्याखालून सुटलेली उष्णता दुसऱ्या भांड्याला मिळते. आजच्या कारखान्यात बॉयलरच्या धुराड्यात बसवला जाणारा इकॉनॉमायझर हेच कार्य मोठ्या प्रमाणावर करतो. पूर्वीच्या जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्थेचे पुनर्गठन होऊन मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था कार्यरत झाली आहे. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासासाठी जिल्ह्यातच एक संस्थात्मक आधार उपलब्ध आहे.

उष्णता वाया जाण्याची कारणे :

वाया जाणाऱ्या उष्णतेचे मूल्य केवळ तिच्या परिमाणावर ठरत नाही, तर तिच्या तापमानावरही ठरते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. साठ अंशांच्या पाण्यात कितीही उष्णता साठलेली असली तरी त्या पाण्याने दुसरे पाणी उकळवता येत नाही; परंतु तीस अंशांचे पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवता येते. अन्नप्रक्रियेची गरज बहुधा ४० ते १२० अंश सेल्सिअस या टप्प्यातील असते. धुण्याचे पाणी, बॉयलरला पुरवायचे पाणी आणि वाळवणाची हवा यांना फार मोठे तापमान लागत नाही. पोलाद वा सिमेंट उद्योगात निरुपयोगी ठरणारी मंद उष्णतादेखील अन्न उद्योगात म्हणूनच उपयोगी पडू शकते.

उष्णता निसटण्याचे चार प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग धुराड्याचा. लहान बॉयलर व भट्ट्यांमधून निघणारा धूर पुष्कळदा दोनशे अंशांहून अधिक तप्त असतो. धुराचे तापमान सुमारे २२ अंशांनी कमी करता आले तर बॉयलरची कार्यक्षमता साधारणतः एक टक्क्याने वाढते, असा अभियांत्रिकी ठोकताळा आहे. दुसरा मार्ग कंडेन्सेटचा, म्हणजे वाफेने आपली उष्णता दिल्यानंतर तयार होणाऱ्या गरम पाण्याचा. तिसरा मार्ग उघड्या भांड्यातून सुटणाऱ्या वाफेचा आणि चौथा शीतकरण यंत्राचा. दूध थंड करणारे यंत्र दुधातील उष्णता काढून ती बाहेरच्या हवेत टाकते. ती उष्णतादेखील पाणी तापवण्यास वापरता येते.

कंडेन्सेट : सर्वात सोपा लाभ

ज्या उद्योगात दुहेरी भिंतीच्या कढया, नळ्यांचे तापक किंवा वाळवणयंत्रे वाफेवर चालतात, तेथे वाफ अन्नाला स्पर्श करीत नाही. तिचे पाणी शुद्ध व गरम राहते. हे पाणी नाल्यात सोडून बॉयलरला पुन्हा थंड पाणी देणे हा दुहेरी अपव्यय होय.

उदाहरणादाखल तासाला एक टन वाफ देणारा, सात बार दाबाचा बॉयलर विचारात घेता येईल. त्याला ३० अंशांचे पाणी दिल्यास प्रत्येक किलो वाफेसाठी सुमारे २,६४० किलोज्यूल उष्णता लागते. ८० टक्के कंडेन्सेट ९० अंशांवर परत आणले आणि उरलेले २० टक्के पाणी ३० अंशांचे घातले, तर टाकीतील मिश्रणाचे तापमान ७८ अंश होते. आता प्रत्येक किलो वाफेसाठी सुमारे २,४४० किलोज्यूल उष्णता पुरते. म्हणजेच इंधनात साडेसात टक्क्यांच्या आसपास बचत होते. पाण्याचे तापमान दर सहा अंशांनी वाढले की एक टक्का इंधन वाचते, या प्रचलित ठोकताळ्याशीही हे उत्तर जुळते.

जळाऊ लाकडाचे उष्णतामूल्य किलोमागे १५ मेगाज्यूल आणि बॉयलरची कार्यक्षमता ६५ टक्के गृहीत धरली, तर एक टन वाफेसाठी सुमारे २७० किलो लाकूड लागते. वरील बचत टनामागे सुमारे २० किलो लाकडाची होते. दररोज आठ तास व वर्षाला १५० दिवस उद्योग चालल्यास १,२०० टन वाफ तयार होईल आणि सुमारे २४ टन लाकूड वाचेल. त्यासोबत ९६० टन, म्हणजे ९ लाख ६० हजार लिटर, शुद्ध पाणीही परत मिळेल. उन्हाळ्यात पाणीटंचाईला तोंड देणाऱ्या भागात हा लाभ इंधनाच्या बचतीइतकाच मोलाचा आहे. गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असल्याने बॉयलर गंजण्याचे प्रमाणही घटते.

यासाठी लागणारी सामग्री साधी आहे : परतीची नळी, चांगले स्टीम ट्रॅप, उष्णतारोधक आवरण असलेली टाकी आणि पंप. दक्षता एवढीच घ्यावी लागते की, गरम पाण्याची पंपाच्या तोंडाशी वाफ होऊ नये म्हणून टाकी पंपापेक्षा पुरेशा उंचीवर असावी.

दूध प्रक्रिया : उष्णतेची देवाणघेवाण

दूध प्रक्रियेत पुनर्वापराचे तत्त्व अत्यंत स्पष्टपणे दिसते. प्रचलित पद्धतीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून पाश्चरीकरण केले जाते आणि लगेच चार अंशांपर्यंत थंड केले जाते. येथे एका बाजूला थंड दूध तापवायचे असते, तर दुसऱ्या बाजूला गरम दूध निववायचे असते. पातळ धातूच्या पत्र्यांच्या दोन बाजूंनी ही दोन्ही दुधे विरुद्ध दिशांनी वाहू दिली, तर गरम दुधाची उष्णता थंड दुधाला मिळते. या पद्धतीने ९० टक्क्यांपर्यंत उष्णता परत मिळवता येते.

१,००० लिटर दूध चार अंशांवरून ७२ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे २७३ मेगाज्यूल उष्णता लागते. ९० टक्के पुनर्प्राप्ती झाल्यास बाहेरून केवळ २७ मेगाज्यूल द्यावी लागते. तितकाच भार शीतकरण यंत्रावरूनही कमी होतो. म्हणजे इंधन आणि वीज या दोन्हींची बचत एकाच साधनाने साधते.

येथे आरोग्याची अट मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. पत्र्याला सूक्ष्म छिद्र पडले तर कच्चे दूध पाश्चरीकृत दुधात मिसळण्याचा धोका असतो. म्हणून पाश्चरीकृत दुधाच्या बाजूचा दाब कच्च्या दुधाच्या बाजूपेक्षा नेहमी अधिक ठेवला जातो. गळती झालीच तर ती शुद्ध दुधाकडून कच्च्या दुधाकडे व्हावी, हा त्यामागील हेतू आहे.

लहान संकलन केंद्रावर बॉयलर नसला तरी दूध थंड करणारे यंत्र असते. धारेचे ३५ अंशांचे १,००० लिटर दूध चार अंशांवर आणताना त्यातून सुमारे १२५ मेगाज्यूल उष्णता निघते. यंत्राला लागलेल्या विजेची भर पडून बाहेर टाकली जाणारी उष्णता १६५ मेगाज्यूलच्या घरात जाते. तिच्यातील १५ ते २० टक्के भाग तप्त वायूच्या मार्गात बसवलेल्या छोट्या उष्णता विनिमयकाने मिळवला, तर २०० ते ३०० लिटर पाणी ५५ अंशांपर्यंत तापते. दुधाची कॅन व भांडी धुण्यासाठी हे पाणी थेट उपयोगी आहे.

साखर उद्योग : वाफेचा पुनःपुन्हा उपयोग

उसाचा रस आटवणे हे उष्णता खाणारे काम आहे. १५ टक्के घनांश असलेल्या १०० किलो रसापासून ६० टक्के घनांशाचा पाक करायचा झाल्यास ७५ किलो पाणी वाफेच्या रूपाने काढावे लागते. हे काम एकाच भांड्यात केल्यास जवळजवळ तितकीच वाफ खर्ची पडते. नॉर्बर्ट रिल्यू या अभियंत्याने १८४० च्या दशकात यावर उपाय शोधून त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. पहिल्या भांड्यातील रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातील रस उकळण्यास वापरायची आणि पुढील प्रत्येक भांड्यातील दाब कमी ठेवायचा, ही ती कल्पना होती. दाब कमी असला की रस कमी तापमानाला उकळतो. चार भांड्यांच्या मालिकेत तेच ७५ किलो पाणी सैद्धांतिकदृष्ट्या १९ किलो वाफेत काढता येते. प्रत्यक्षात थोडी अधिक वाफ लागते.

आजच्या साखर कारखान्यांत ही पद्धत सर्वमान्य आहे. तेथे वाचलेली वाफ म्हणजे वाचलेला बगॅस, आणि वाचलेला बगॅस म्हणजे अधिक वीजनिर्मिती, असे समीकरण तयार होते. संत्र्याचा रस किंवा टोमॅटोचा गर घट्ट करणाऱ्या प्रकल्पांनाही हेच तत्त्व लागू होते. जिल्ह्यात संत्रा प्रक्रियेचे प्रकल्प आखताना आटवण्याची यंत्रणा एका टप्प्याची असावी की अनेक टप्प्यांची, हा निर्णय आरंभीच घेणे हिताचे ठरते. कारण पुढे बदल करणे अधिक खर्चिक असते.

वायगावची हळद : शक्यता आणि मर्यादा

हळदीचे उदाहरण लहान शेतकऱ्याशी थेट संबंधित असल्याने त्याचा सविस्तर विचार आवश्यक आहे. काढणीनंतर ओली हळद काहिलीत किंवा वाफेच्या पिंपात शिजवली जाते आणि नंतर अनेक दिवस उन्हात वाळवली जाते. इंधन म्हणून लाकूड, पऱ्हाटी वा तुराट्या वापरता येतात. वाळवण सुरू असताना अवकाळी पाऊस आल्यास हळकुंडांना बुरशी लागते, रंग बिघडतो आणि बाजारभाव पडतो. फेब्रुवारी–मार्च २०१४ मध्ये विदर्भात झालेल्या गारपिटीने या धोक्याची तीव्रता दाखवून दिली. त्यामुळे हळद शिजवताना वाया जाणाऱ्या उष्णतेवर ती वाळवता येईल का, असा प्रश्न स्वाभाविकपणे निर्माण होतो.

या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीतून मिळते. ८० टक्के ओलावा असलेली एक क्विंटल हळद २५ अंशांवरून उकळबिंदूच्या जवळ नेण्यास सुमारे २६ मेगाज्यूल उष्णता लागते. तीच हळद १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवताना सुमारे ७८ किलो पाणी काढावे लागते आणि त्यासाठी किमान १८७ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे वाळवण्याची गरज शिजवण्याच्या सातपट आहे. भट्टीतील एकूण उष्णतेपैकी एक चतुर्थांश हळदीस मिळते असे धरले, तर एका क्विंटलसाठी सुमारे १०४ मेगाज्यूल इंधन जळेल. त्यातील ४० टक्के उष्णता धुराड्यातून गेली आणि तिच्यापैकी निम्मी मिळवता आली, तरी हाती २१ मेगाज्यूलच येतील. वाळवणाच्या गरजेचा हा जेमतेम एक नवमांश भाग होय.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर हळद पूर्णपणे वाळवता येणार नाही. सूर्यप्रकाश हाच मुख्य आधार राहील. मात्र पुनर्वापराचे दोन मर्यादित उपयोग शक्य आहेत. एक म्हणजे शिजवणीतील गरम पाणी व सुटणारी वाफ पुढील खेप तापवण्यास वापरणे. काहिलीतील गरम पाणी टाकून न देता पुढच्या खेपेस वापरण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. वाफेच्या संयंत्रात एका पिंपातून सुटणारी वाफ पुढच्या पिंपात सोडून तोच लाभ मिळू शकतो. दुसरा उपयोग ढगाळ दिवशी व रात्री छपराखाली ठेवलेल्या हळदीवर कोमट हवा खेळती ठेवण्याचा. याने वाळवण पूर्ण होत नसले तरी पृष्ठभाग ओला राहून बुरशी धरण्याचा धोका कमी होऊ शकतो. ही हवा धुराशी न मिसळता नळ्यांच्या भिंतीतून तापवली जाणे अत्यावश्यक आहे. धूर प्रत्यक्ष हळदीवर सोडल्यास वास, काजळी आणि अपायकारक घटक मालात उतरतात. औषधी गुणांसाठी नावाजलेल्या आणि मानांकनप्राप्त हळदीस हे परवडणारे नाही.

पुनर्वापराच्या अटी :

वरील उदाहरणांवरून उष्णतेचा पुनर्वापर यशस्वी होण्याच्या काही अटी स्पष्ट होतात.

पहिली अट काळ व स्थळ यांची आहे. उष्णता ज्या वेळी सुटते त्याच वेळी आणि जवळपास तिची गरज असावी लागते. दूध प्रक्रियेत ही अट आपोआप पूर्ण होते. हळदीत ती अंशतःच पूर्ण होते.

दुसरी अट वापराच्या तासांची आहे. साधनाचा खर्च भागिले वार्षिक बचत हे परतफेडीच्या काळाचे साधे सूत्र आहे. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या उद्योगात एका वर्षात वसूल होणारे साधन १,२०० तास चालणाऱ्या हंगामी उद्योगात पाच वर्षे घेते. म्हणूनच हंगामी उद्योगांनी महागडी साधने स्वतंत्रपणे घेण्याऐवजी एकच बॉयलर वेगवेगळ्या हंगामांतील मालासाठी सामुदायिकपणे वापरणे अधिक योग्य ठरते. सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या यांना येथे वाव आहे.

तिसरी अट देखभालीची आहे. धुरातील राख व काजळी नळ्यांवर बसली की उष्णतेचे वहन घटते. कोळशासारख्या गंधकयुक्त इंधनाचा धूर फार थंड केल्यास त्यातून आम्ल तयार होऊन धातू खराब होतो. बॉयलरला इकॉनॉमायझर जोडणे हे बॉयलरविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्याने ते स्थानिक कारागिराकडून परस्पर करून घेणे सुरक्षित नाही.

चौथी व सर्वात महत्त्वाची अट क्रमाची आहे. वाफेची गळती, उघड्या नळ्या आणि भट्टीत शिरणारी अतिरिक्त हवा यांचा बंदोबस्त प्रथम करावा. जी उष्णता वायाच जाऊ दिली नाही, ती परत मिळवण्यासाठी खर्च करावा लागत नाही.

महाविद्यालयांची भूमिका :

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली. राज्यात महाऊर्जा ही संस्था ऊर्जा संवर्धनाचे कार्य करते. तथापि लहान उद्योगात ऊर्जा लेखापरीक्षण अपवादानेच होते. कारण त्याचा खर्च उद्योजकास जड वाटतो. येथे महाविद्यालये मोलाचे साहाय्य करू शकतात. तापमापक, वजनकाटा, पाणीमापक आणि नोंदवही एवढ्या साधनांवर प्राथमिक पाहणी करता येते. रोज किती इंधन जळले, किती पाणी बॉयलरला दिले, धुराचे व सोडलेल्या पाण्याचे तापमान किती होते आणि किती माल तयार झाला, या नोंदी एका हंगामाच्या झाल्या तरी निर्णयास पुरेसा आधार मिळतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मोजमाप करावे, वाणिज्य शाखेने परतफेडीचा हिशेब मांडावा आणि गृहविज्ञान शाखेने पदार्थाच्या गुणवत्तेची तपासणी करावी, असे आंतरविद्याशाखीय प्रकल्प सहज आखता येतील.

समारोप :

वर्धा जिल्ह्यातील अन्नप्रक्रिया उद्योगांना उष्णतेच्या पुनर्वापरातून इंधन, वीज व पाणी यांची बचत साधता येईल, हे वरील विवेचनावरून दिसून येते. परंतु हा लाभ सर्वत्र सारखा नाही. दूध प्रक्रिया व रस आटवणे यांत तो मोठा आहे, बंदिस्त वाफेवर चालणाऱ्या लहान उद्योगात तो मध्यम असला तरी सर्वात स्वस्तात मिळणारा आहे, आणि हळदीसारख्या हंगामी मालात तो पूरक स्वरूपाचा आहे. कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी किती उष्णता, किती तापमानाची, किती तास आणि कोणत्या कामासाठी उपलब्ध आहे हे मोजणे क्रमप्राप्त ठरते. जळणाऱ्या प्रत्येक पऱ्हाटीचा पूर्ण उपयोग व्हावा ही मगनवाडीच्या विचाराशी सुसंगत अशी अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्याचा आरंभ जिल्ह्यातील एखाद्या लहान बॉयलरशेजारी ठेवलेल्या नोंदवहीपासून होऊ शकतो.